पाण्यासाठी वर, उन्हासाठी खाली

पहिलं पाणी दारातून आलं नाही. न्हाणीच्या जाळीतून आलं.

२२ सप्टेंबर २०२३ चा शुक्रवार. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. तीस-पस्तीस पानं उठली, भांडी निघाली, आणि तरीही मी रात्री साडेबारापर्यंत मशीनवर बसून एक ब्लाउज हातावेगळा केला, कारण ती बाई सकाळी न्यायला येणार होती. दोनच्या सुमारास पाऊस लागला. शेजारच्यांच्या टिनावर असा वाजत होता की पंख्याचा आवाज ऐकू येईना. मी कूस बदलली आणि झोपले.

चारच्या आसपास सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, न्हाणीत कोण पाणी सोडून राहिलं?"

कोणीच सोडलं नव्हतं. गडर लाईनमधलं, म्हणजे सांडपाण्याच्या नळातलं, पाणी उलटं फिरलं होतं आणि काळंशार, बुडबुडे काढत जाळीतून वर येत होतं. मी त्यावर पोतं टाकलं, पोत्यावर पाटा ठेवला. पाटा ठेवून वळते तोच दाराखालून दुसरं पाणी. अर्ध्या तासात ते कमरेला लागलं.

मेन स्विच पाडायचं भान नवऱ्याला राहिलं, नाहीतर ही गोष्ट सांगायला मी नसते. आमचे बोर्ड तेव्हा गुडघ्याच्या उंचीवर होते. त्यानं आईला पाठीवर घेतलं. लेकीनं महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलले. मी मापांची वही घेतली. तीच का घेतली ते आजही सांगता येत नाही, शेजारी पैशाचा डबा होता, तो तसाच राहिला. जिन्यात बसून आम्ही आमचाच फ्रिज तरंगत दाराशी येताना पाहिला.

आमचं घर नागपुरात, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे. नदी हे कागदावरचं नाव, बोलताना आम्ही नालाच म्हणतो. तलाव १८७० सालचा. त्या रात्री चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव ओसंडला, आणि मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्यांपासून आमच्या देवघरापर्यंत सगळं पाण्यात गेलं. शहरात चार जीव गेले, दहा हजारांच्या आसपास घरांचं नुकसान झालं.

नंतर मी हवामान खात्याची फूटपट्टी समजून घेतली. चोवीस तासांत ६४.५ मिलीमीटरच्या पुढे पाऊस झाला की जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार, २०४.४ ओलांडला की अत्यंत जोरदार. म्हणजे ज्या पावसानं आमचं घर धुऊन नेलं तो दिवसाच्या हिशेबात सगळ्यात वरच्या पायरीच्या आसपासही नव्हता. तोच पाऊस दिवसभर रिपरिपला असता तर मी खिडकीत बसून हातशिलाई केली असती. पाणी किती पडलं यापेक्षा किती वेळात पडलं यावर आमचं नशीब ठरलं.

माझं काम शिलाईचं. त्या दिवशी खाली तीन मशीन होत्या: सासूबाईंच्या काळातली पायमशीन, तिला मी मोटर बसवली होती, एक जुकी कंपनीची, एक कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉक. मशीन वाचतात. मेकॅनिकनं उघडून रॉकेलनं धुतल्या, तेल घातलं, आठवडाभर उन्हात ठेवल्या; मोटरी तेवढ्या गेल्या. कापड वाचत नाही. लोकांच्या चाळीसेक साड्या आणि ब्लाउजपीस गाळात लोळत होते. मी आणि लेकीनं एकेक पाण्यातून काढून खळबळला. रंग एकमेकांत उतरले होते. एका पैठणीच्या काठाला गडरचा वास इतका बसला होता की ती मालकिणीला परत देताना मी मान वर करू शकले नाही. ती काही बोलली नाही. दसऱ्याचे ब्लाउज मात्र तिनं दुसरीकडे टाकले. सरकारनं घरामागे दहा हजार जाहीर केले होते, पंचनामे झाले. ते पैसे मोटरींना गेले. गिऱ्हाइकाच्या मनातून उतरलो त्याचा पंचनामा होत नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही घाबरलेली माणसं घेतात तसे निर्णय घेतले. प्रत्येक निर्णय पाण्याकडे बघून.

सगळं काम वरच्या खोलीत नेलं. दहा बाय चौदाची खोली, डोक्यावर स्लॅब, वर उघडं छत. सासूबाईंचा पलंगही वरच, कारण पुन्हा पाठीवर घ्यायची वेळ नको. खालचे बोर्ड छातीच्या उंचीला नेले आणि खालच्या मजल्याची एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, वेगळी केली. हे चांगलं झालं, आजही सगळ्यांना सांगते. गडर लाईनला एनआरव्ही बसवला. तो बसवणारे प्लंबर भाऊ म्हणाले होते, "ताई, लोक दार अडवत बसतात, पाणी तं पहिले घरातूनच येते." एनआरव्ही म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. बाहेरचं पाणी दाबायला लागलं की ती बंद होते. पण ती बंद झाली की तुमचं पाणीही बाहेर जात नाही, म्हणजे तेवढा वेळ न्हाणी, संडास, भांडी सगळं थांबवायचं. आणि तिच्यात केसांचा गुंता किंवा चिंधी अडकली तर ती बंदच होत नाही. शिलाईवालीच्या घरात चिंध्यांना काय तोटा! पावसाळ्याआधी चेंबर उघडून ती साफ करणं हे माझ्या वाट्याचं काम.

दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल ठोकले. त्यात अडीच फुटांची जाड प्लायची फळी सरकवता येते, खाली रबराची पट्टी. तेही बरंच झालं.

मग तीन चुका केल्या. खालच्या खोल्यांच्या भिंतीत जमिनीलगत हवेसाठी जाळ्या होत्या, त्या विटांनी बुजवल्या. अंगणात माती होती, जास्वंद होती, पेरूचं झाड होतं. ते सगळं काढलं, मुरूम टाकून अंगण वीतभर उंच केलं आणि वर गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवले. रस्ता आधीच सिमेंटचा होऊन आमच्या उंबऱ्याच्या वर गेला होता, आम्हाला वाटलं आपणही वर गेलं पाहिजे. आणि वरच्या खोलीच्या स्लॅबमधून पाणी झिरपत होतं, म्हणून छतावर डांबराची काळी शीट चिकटवून घेतली. मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाला, "दहा वर्ष थेंब नाही गळत." थेंब खरंच गळला नाही.

मे उजाडला आणि मला कळलं की आपण घराला भट्टी करून ठेवलंय.

२०२४ चा एप्रिल तसा बरा गेला होता, मधूनमधून अवकाळी येत होता. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायच्या सुमारास खरं ऊन आलं. नागपूरला ऊन नवीन नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदवलं गेलंय, तेव्हाही आम्ही याच घरात होतो. पण तेव्हा आम्ही खाली राहत होतो. मातीच्या अंगणाला संध्याकाळी पाणी मारलं की गारवा यायचा, जमिनीलगतच्या जाळ्यांतून गार झुळूक आत शिरायची आणि जिन्याच्या वरच्या खिडकीतून गरम हवा निघून जायची. हे कुणी आखलं नव्हतं, जुन्या मिस्त्र्याच्या हातानं होऊन गेलं होतं. ते आम्ही आमच्याच पैशानं बुजवलं.

वर तर विचारूच नका. काळी शीट दिवसभर ऊन पीत राहायची आणि रात्री ते आमच्यावर ओतायची. लेकीकडे टेबलावरचं छोटं घड्याळ आहे, त्यात तापमान दिसतं. रात्री दहाला वर ४०, खाली ३५. इस्त्रीची गरजच नव्हती, कटिंग टेबलावर ठेवलेलं अस्तर हाताला गरम लागायचं. मशीनच्या तेलाला पाण्यासारखा पातळपणा आला आणि बॉबिनजवळून ते कापडावर उतरू लागलं.

सासूबाईंचं माहेर उमरेडकडचं, कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. त्या रोज म्हणायच्या, "वरच्या खोलीत जीव नाही राहात माहा. मले खालीच निजू दे. पाणी आलं तं पाहून घेऊ." मी म्हणायचे, आई, पावसाळा तोंडावर आहे. मेमध्ये मी पावसाला घाबरत होते. पुराची भीती एकदा बसली की दुसरी कुठली दिसतच नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी गिऱ्हाइकाचं माप घ्यायला खाली आले होते. वर गेले तर आई पलंगावर काहीतरी पुटपुटत होत्या. मला त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. अंगाला हात लावला, तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. मी घाबरून त्यांच्या तोंडात लिंबू-साखरेचं पाणी घालू लागले. ते बाजूनं ओघळलं.

दवाखान्यात उष्माघातासाठी वेगळा कोल्ड वॉर्ड होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी आईंना बघितलं आणि मग मला झापलं. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. अंग ओलं करायचं, अंगावर पंखा सोडायचा, काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या पिशव्या, आणि त्याच वेळी गाडी बोलवायची. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, आणि रक्तदाबासाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं, म्हणून उन्हाळा लागायच्या आधी ती गोळी डॉक्टरला दाखवायची. आपल्या मनानं बंद करायची नाही. माणूस बरळायला लागला की ते साधं ऊन लागणं राहिलेलं नसतं. हे मला त्या दिवशी कळलं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जन्मभर नागपुरात राहून.

आई चौथ्या दिवशी घरी आल्या. त्याच सुमारास, ३० मेला, रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि सगळ्या शहराच्या मोबाइलवर तो आकडा फिरू लागला. पुढे हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. लेक म्हणाली, "ते यंत्र आपल्या वरच्या खोलीत ठेवा म्हणावं, बिघडणार नाही." आई हसल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्याच दिवशी त्यांचा पलंग खाली आणला.

आशाताई घरोघर ओआरएसची पाकिटं आणि पत्रक देत फिरत होत्या. पत्रक चांगलं होतं. त्याच्यामागे मोठी गोष्ट आहे: अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ माणसं जास्त मेली, त्यातून २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि त्या धर्तीवर पुढे नागपूरसह बऱ्याच शहरांनी केला. पत्रकात पहिलंच वाक्य होतं, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. मी आशाताईंना म्हटलं, आम्ही बाहेर पडलोच नव्हतो. त्या म्हणाल्या, "खरं आहे ताई, माझं घर तं पूर्ण टिनाचं आहे." यावर आमच्या दोघींकडे काही उत्तर नव्हतं. मी त्यांना पन्हं दिलं, त्या पुढच्या घरी गेल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही छताला चुना मारायचा ठरवलं. यूट्यूबवर सगळे मारतात. कळीचा चुना रात्रभर भिजवला, फडक्यातून गाळला, त्यात फेविकोल ढवळलं, सूर्य मावळल्यावर कुंच्यानं दोन हात दिले, एक उभा, एक आडवा. डोळ्यांना चष्मा लावला होता ते बरं, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. दुसऱ्या दिवशी खोलीत फरक जाणवला, खोटं नाही बोलत. पण सिमेंटच्या स्लॅबवर बसतो तसा चुना डांबराच्या शीटवर बसत नाही. आठवड्यात पापुद्रे सुटले. मृगाच्या पहिल्या सरीनं ते सगळे वाहून छताच्या नळीत जाऊन बसले, आणि छतावर पाणी तुंबलं. म्हणजे उन्हासाठी केलेल्या गोष्टीनं पावसाचा घोटाळा केला, आणि तो घोटाळा आधी पावसासाठी केलेल्या गोष्टीमुळे झाला होता. मी जिन्यात बसून हसत सुटले. नवऱ्याला वाटलं, मलाही ऊन लागलं.

त्या पावसाळ्यात कामं कमी होती, तेव्हा मी जरा वाचायला लागले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आणि हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. शिलाईवालीला हे पटकन समजतं: घेर वाढवला की कापड जास्त मावतं, आणि सोडलं की सगळं एकदम खाली येतं. ऊन आणि पूर हे दोन वेगळे पाहुणे आहेत असं धरून मी घर सजवत होते. ते एकाच घरचे निघाले.

दिवाळीनंतर पुन्हा मिस्त्री. दुसरा. छातीवर हात न ठेवणारा. त्याला मी एकच अट घातली, जे करशील ते मेमध्ये आणि जुलैमध्ये दोन्हीकडे चाललं पाहिजे. तो थोडा वेळ छतावर फिरला आणि म्हणाला, "चिनी टुकडे टाका." शीट तशीच ठेवून तिच्यावर सिमेंटच्या मसाल्याचा थर, नळीकडे नीट उतार देऊन, आणि त्या ओल्या थरात पांढऱ्या टाइल्सचे तुकडे दाबून बसवायचे. जुन्या घरांच्या गच्चीवर असतात तसेच. पाणी अडतं, आणि पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवतो. चुन्यासारखं दरवर्षी मारावं लागत नाही. आम्ही टाइल्सच्या दुकानांतून फुटका माल गोळा केला. मालकांना तो टाकायचाच असतो, पण आपण मागायला गेलो की त्याला भाव येतो. लेकीनं आणि मी चार रविवार हातोडीनं तुकडे केले. फक्त पांढरेच घ्यायचे हे पाळताना लेकीचा जीव गेला, तिला मध्ये एक निळं फूल काढायचं होतं. एक छोटं काढू दिलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

२०२५ च्या मेमध्ये रात्री दहाला वरच्या खोलीत ३६. चार अंश उतरले. चार अंशांत खोली गार होत नाही. पण बसता येतं आणि रात्री डोळा लागतो.

अंगणाचे गट्टू भिंतीच्या कडेनं तीन फूट रुंदीत उखडले. इथली काळी माती पाणी पटकन पोटात घेत नाही, फुगते आणि बंद होते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणून शोषखड्डा केला, गिट्टी भरली, छताची नळी त्यात सोडली. उरलेल्या पट्ट्यात जास्वंद परत आली. पेरू काही परत येत नाही. त्याच्या जागी शेवगा लावला, वर्षभरात खिडकीला टेकला. मोठ्या वाऱ्यात त्याच्या फांद्या कडाकड मोडतात, पण मोडून पडला तरी कुणाचं डोकं फुटत नाही, आणि पुन्हा फुटतो. कडुनिंब हवा होता खरा. काळ्या मातीत भिंतीला इतका लगटून कडुनिंब लावला तर दहा वर्षांनी भिंत भांडायला येईल, असं मिस्त्री म्हणाला.

जमिनीलगतच्या जाळ्या पुन्हा उघडल्या. आता प्रत्येक जाळीला लोखंडी पत्र्याचं झाकण आहे, मागे रबर, चार कोपऱ्यांत हातानं पिळायचे नट. होळीला झाकणं निघतात, मृगाला लागतात.

कूलरची गोष्ट राहिली. नागपुरात कूलर नसेल असं घर दाखवा आणि बक्षीस घ्या. मीही टिनाचा मोठा कूलर वापरते, त्याला अर्थिंग पक्की करून घेतली आहे. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी वाचायची आणि आपली वायर तशीच ठेवायची, हे आता जमत नाही. पाणी भरताना प्लग काढायचा, दर आठवड्याला टाकी कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच पाळले म्हणून समजा. कूलर लावून खोली बंद करणारे लोक मला कळत नाहीत. समोरची खिडकी उघडी हवी, ओली हवा बाहेर गेली तरच पुढची गार येते. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की मोटर बंद करून नुसता पंखा चालवायचा. हवेत आधीच पाणी असेल तर कूलर गारवा देत नाही, फक्त चिकटपणा देतो. शिलाईच्या खोलीत त्याची आणखी एक अडचण आहे. वाळ्याच्या ताट्या नव्या असताना त्यांतून तपकिरी तुषार उडतो. एका मोतिया रंगाच्या सिल्कवर तो पडला. तो डाग मी तिथे बुट्टी लावून झाकला आणि गिऱ्हाइकाला फॅशन म्हणून सांगितलं. तिनं तसाच दुसरा शिवायला टाकला.

कामाची वेळही बदलली. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाच ते अकरा, मग संध्याकाळी सहानंतर. दारावर पाटी लावली. सुरुवातीला बायका कुरकुरल्या, ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत येणाऱ्यांची अडचण झाली, दोन-तीन तुटल्याही. लग्नसराई नेमकी तेव्हाच असते, तेव्हा हे दिसायला सोपं आणि करायला महाग आहे. दुपारचे सात तास म्हणजे रोजचे दोन ब्लाउज.

तरी एक प्रश्न सुटत नव्हता. मेमध्ये काम खाली चांगलं, जुलैमध्ये वर. दोन्हीकडे मशीन ठेवण्याएवढे पैसे नाहीत. मग एका रात्री नवरा जुकीच्या टेबलाखाली टॉर्च घेऊन शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, हेड, म्हणजे मशीनचा वरचा शिवणारा भाग, तर नुसतं बसवलेलं असतं, उचललं की निघतं. खरंच होतं ते. टेबल आणि स्टँड पाण्यात भिजलं तर वाळतं, जीव सगळा हेडमध्ये आणि मोटरमध्ये. आम्ही वर एक आणि खाली एक असे जुने स्टँड मिळवले, भंगारात ते सहज मिळतात. आता हेड तेवढी जागा बदलतात. जुकीचं जड आहे, त्याला दोघं लागतात. मोटरींच्या वायरींना पिना लावल्या. पहिल्यांदा हे करायला अख्खा रविवार गेला. आता तिन्ही हेड आणि मोटरी वर जायला पाऊण तास पुरतो. कापड मात्र बारा महिने वरच असतं, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, डब्यावर गिऱ्हाइकाचा नंबर.

२०२५ च्या जुलैत एकदा जोरात आला. शाळांना सुट्टी दिली होती. सकाळी गल्लीत पाणी चढलं, फळीला चार बोटं लागलं आणि दोन तास तिथेच राहिलं. एनआरव्हीनं काम केलं. न्हाणीची जाळी गुरगुरत होती, पण पाणी वर आलं नाही. एका जाळीच्या झाकणातून रेघेसारखं झिरपलं, तिथलं रबर मी स्वस्तातलं घेतलं होतं. शोषखड्डा भरून गेला, त्याचा काही उपयोग झाला नाही. तेवढ्या पावसाला तेवढा खड्डा म्हणजे वाटीच. आम्ही वर बसून पोहे खाल्ले. संडासला जाता येत नव्हतं, तेवढं सोडलं तर बरं चाललं होतं. समोरच्या काकूंच्या घरात मात्र गुडघाभर आलं. त्यांच्याकडे फळी नव्हती. आणि हेही खरं की आमच्या फळीनं अडवलेलं पाणी कुठेतरी गेलंच असणार. संध्याकाळी नवरा त्यांच्या दाराचं माप घेऊन आला.

यंदा रोहिणी सरत आल्या तशी आम्ही हेड वर न्यायला काढली. सासूबाई आता एक्याऐंशीच्या आहेत. खालच्या खोलीत, जाळीच्या तोंडाशी पलंग टाकून बसतात आणि आम्ही जिना चढउतार करतो त्याच्यावर देखरेख करतात. पुन्हा वर निजायला यायचं म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. पाऊस जोरात लागला तरच, असा आमचा तह झालाय. मी ओव्हरलॉकचं हेड कडेवर घेऊन पायरीवर पाय ठेवला तर मागून हाक आली.

"सूनबाई, मुखवटे कुठी ठेवले?"

"कपाटात आहेत आई. खालच्या."

"मंग ते पहिले ने वर. मशीन मंग नेजो."

मी हेड पायरीवरच ठेवलं आणि कपाटाची किल्ली शोधायला लागले.